भिंतीवरचं जहाज कुणाचं?

जावा बेटावरच्या बोरोबुदुरच्या पहिल्या सज्जात, भिंतीच्या खालच्या ओळीत एक जहाज कोरलेलं आहे. वाऱ्याने फुगलेली शिडं, दोरखंडांशी झटणारे खलाशी, खाली खवळलेलं पाणी. ते ज्या गोष्टीतलं आहे ती मात्र आपल्या बाजूची. ‘दिव्यावदान’ या संस्कृत बौद्ध कथासंग्रहात रोरुक नगरीवर धुळीचा पाऊस पडतो आणि नगरी गाडली जाते. हिरु आणि भिरु हे दोन सज्जन अमात्य रत्नं नावेत भरून वेळेवर निसटतात. भिरुने पुढे वसवलेलं गाव ते भरुच, असं ही कथा सांगते. बोरिवलीला गाडी पकडली की अर्ध्या दिवसात गाठता येणाऱ्या भरुचची गोष्ट विषुववृत्तापलीकडे, सुमारे बाराशे वर्षांपूर्वीच्या दगडावर पाहताना माझ्या अंगावर काटा आला.

मी पार्ल्याच्या साठ्ये महाविद्यालयात प्राचीन भारतीय संस्कृती हा विषय शिकले. जावाच्या अभ्याससहलीआधी आमच्या मॅडमनी आम्हाला कान्हेरी तर दाखवलंच, पण बोरिवलीतल्या एकसरच्या वीरगळांपाशीही नेलं. समुद्रावरच्या लढाईत पडलेल्या वीरांची ही स्मारकं. बहुतेक अभ्यासक त्यांचा संबंध तेराव्या शतकात यादव महादेवाने शिलाहार सोमेश्वराचा पराभव केला त्या युद्धाशी जोडतात. काहीजण ती त्याहून जुनी मानतात. दगडावर उंच, टोकदार नाळेच्या नौका एकामागून एक निघालेल्या आहेत आणि प्रत्येकीच्या कडेला वल्ह्यांची रांग आहे. मॅडमनी प्रत्येकाला एकच नौका वहीत उतरवायला सांगितली. फोटो चालणार नव्हता.

त्या वहीमुळेच बोरोबुदुरला माझी नजर बरोबर जागेवर गेली. हिरुच्या जहाजाच्या कडेला, पाण्याच्या अंगाने, बांबूंसारख्या लांब दांड्यांची भक्कम चौकट आहे. ही उलांडी. कोकणातल्या छोट्या होड्यांना आजही एका बाजूला उलांडी असते, पण एवढ्या मोठ्या समुद्रगामी जहाजाला ती लावणं ही आग्नेय आशियातल्या दर्यावर्दींची रीत. एकसरच्या नौकांवर तसं काही नाही. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलंय, तेही निराळंच. म्हणजे कथा इकडून गेली, पण कारागिराने छिन्नी हातात घेतल्यावर कोरलं ते स्वतःच्या बंदरात रोज दिसणारं जहाज.

परदेशात जाऊन शिकायचं ते हे, असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडचे प्रवासी तिथे पोचले की पहिलं वाक्य असतं, ‘बघ, सगळं आपलंच आहे!’ आमच्या गटातही ते ऐकू आलं. या एका वाक्याने जावाच्या शिल्पींची सगळी बुद्धी पुसली जाते. बोरोबुदुरला गाभारा नाही, आत शिरायला चैत्यगृह नाही. एका टेकडीवर दगडी मजले चढत जातात, वरच्या तीन वर्तुळाकार मजल्यांवर ३२, २४ आणि १६ असे ७२ जाळीदार स्तूप आहेत आणि मधोमध एक मोठा. अशी रचना भारतात कुठेच उभी राहिली नाही. बुद्ध आपल्या भूमीतला, ही वास्तू त्यांची.

भिंत वाचायची पद्धतही शिकून घ्यावी लागते. प्रदक्षिणेच्या दिशेने, वास्तू उजव्या हाताला ठेवून चालायचं. त्यामुळे मुख्य भिंतीवरची गोष्ट उजवीकडून डावीकडे सरकते आणि समोरच्या कठड्यावरची डावीकडून उजवीकडे. पहिल्या सज्जाला दोन्ही बाजूंना दोन-दोन ओळी, म्हणून चार फेऱ्या; वरच्या तिन्हींना दोन-दोन. दहा प्रदक्षिणा घातल्या तर सगळं शिल्प क्रमाने पाहून होतं. आता ते विद्यार्थ्याला जमणं अवघड. दगड झिजू नये म्हणून २०२३ मध्ये वर चढणाऱ्यांची मर्यादा दिवसाला १२०० ठरवली गेली. गटागटाने, वाटाड्याबरोबर, पायात तिथेच मिळालेल्या विणलेल्या चपला घालून, नेमून दिलेल्या वेळात जायचं. नियम योग्यच आहे. आम्ही वरचे मजले भराभर पाहिले आणि उरलेला वेळ त्या एका जहाजासाठी राखला.

खालच्या संग्रहालयात त्याच शिल्पावरून बांधलेलं खरंखुरं जहाज ठेवलंय. १९८२ मध्ये फिलिप बील हा ब्रिटिश माणूस ही शिल्पं पाहून भारावला. पुढे कांगेआन बेटांवरच्या सुतारांनी, लाकडी खुंट्यांनी फळ्या सांधत, ‘समुद्र रक्षा’ बांधलं. ते ऑगस्ट २००३ मध्ये जकार्ताहून निघालं आणि केप ऑफ गुड होपला वळसा घालून फेब्रुवारी २००४ मध्ये घानातल्या अक्राला पोचलं. त्याच्या उलांडीचे बांबू कुठे आणि कसे बांधलेत, ते मी वहीत एकसरच्या नौकेशेजारच्या पानावर काढून घेतलं.