विजेच्या तारा आणि आयोगाचे कर्तव्य

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबईची वीज गेली, लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, तेव्हा या महानगराला बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या किती मोजक्या आहेत हे सर्वांना कळून चुकले. नव्या वाहिन्या हव्यातच. परंतु मनोऱ्यांसाठी जागा, वनखात्याची परवानगी आणि न्यायालयातील तारखा यांत वर्षे निघून जातात. तोपर्यंत आहेत त्याच तारांतून, धोका न पत्करता, अधिक वीज नेता येईल काय? त्या दिवशीचे संकट त्यामुळे टळले असते, असा आमचा दावा नाही. पण प्रश्नाचे उत्तर बव्हंशी होकारार्थी आहे.

उष्णतेने धातू प्रसरण पावतो, हे आम्ही एकेकाळी वर्गात मुलांना शिकविले आहे. तारेची भारमर्यादा याच नियमाने ठरते. प्रवाह वाढला की तार तापते, लांबते आणि झोळ पडून खाली येते. जमिनीपासूनचे वा झाडापासूनचे अंतर अपुरे पडले की अनर्थ ओढवतो. म्हणून ही मर्यादा कडक ऊन आणि पडलेला वारा गृहीत धरून ठरविलेली असते. पौषातल्या पहाटेही तीच! वस्तुतः गार हवेत, खाडीवरचा वारा आडवा वाहत असताना, तीच तार पुष्कळ अधिक भार वाहू शकते. तपमान, वारा व झोळ क्षणोक्षणी मोजणारी यंत्रे आज उपलब्ध आहेत. जुन्या मनोऱ्यांवर अधिक उष्णता सोसणारी नवी तार ओढण्याचा मार्गही आहे.

मग अडते कोठे? हिशेबात. पारेषण कंपनीला परतावा मिळतो तो गुंतविलेल्या भांडवलावर. मोठी वाहिनी उभारली तर मोठा परतावा. अल्प खर्चाची यंत्रे बसविली तर अल्प. अशा स्थितीत तिने काटकसरीचा मार्ग आपण होऊन धरावा, ही अपेक्षा भाबडेपणाची होय. आम्ही कंपनीस दोष देत नाही. दोष नियमाचा आहे.

अमेरिकेच्या केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये ८८१ क्रमांकाचा आदेश काढून, वाहिन्यांची मर्यादा हवेच्या तपमानानुसार तासातासाला ठरविण्याचे बंधन घातले. जुलै २०२५ ची मुदत काहींना पाळता आली नाही, हे खरे. त्याच देशात १४ ऑगस्ट २००३ रोजी ओहायोतील तारा न छाटलेल्या झाडांना टेकल्या आणि अमेरिका व कॅनडातील सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. त्या तारांवरचा भार मर्यादेच्या आतच होता, हे विसरून चालणार नाही.

२००३ च्या वीज कायद्याच्या ६१ व्या कलमात, दर ठरविताना कार्यक्षमता व साधनांचा काटकसरीने वापर यांस उत्तेजन द्यावे, असे सांगितलेलेच आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने त्याचा आधार घेऊन, वाचलेल्या खर्चाचा काही वाटा कंपनीस व उरलेला ग्राहकास द्यावा; प्रत्येक वाहिनीची मर्यादा व ती ठरविण्याची रीत प्रसिद्ध करावी; आणि झाडांची छाटणी व तारांच्या सांध्यांची तपासणी झाल्याखेरीज वाढीव भारास संमती देऊ नये. अशा नियमांचा मसुदा नागरिकांच्या हरकतींसाठी येत्या पावसाळ्यापूर्वी प्रसिद्ध व्हावा, अशी आमची मागणी आहे.