मालगुजारी वाडा

मालगुजारी वाडा म्हणजे पूर्व विदर्भात गावाचा शेतसारा गोळा करून सरकारात भरणाऱ्या मालगुजाराचे निवासस्थान आणि त्याच्या शेतीचे कारभारकेंद्र होय. अड्याळ (ता. पवनी, जि. भंडारा) ज्या धानपट्ट्यात मोडते, त्या परिसरात अशा वाड्यांचे अवशेष आढळतात.

इतिहास

गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्यास जमीन देण्याची पद्धत होती. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. त्या शतकाच्या मध्यास हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आला. पाटील साऱ्याचा ठेका घेत. मात्र गावाची मालकी त्यांची नसे. १८५४ मध्ये नागपूर राज्य खालसा झाले. १८६० च्या दशकातील जमाबंदीत ब्रिटिशांनी अशा पाटलांना व ठेकेदारांना मालकी हक्क दिले आणि मालगुजार हा वर्ग स्थिरावला.

रचना

वाड्याच्या भिंती विटामातीच्या, खांब सागाचे आणि छप्पर कवेलूंचे असे. दर्शनी ओसरीत कचेरी भरे. आत चौक व माजघर, तर मागे धानाच्या कोठ्या, गोठे आणि विहीर असे. पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरावे लागत. ते थांबले की पाणी आत मुरते, आढे कुजते आणि मातीच्या भिंती खचतात.

ऱ्हास

मालकी हक्क निर्मूलनाच्या १९५० च्या कायद्यानुसार ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता. वाडा व घरची शेती मालकाकडे राहिली; गावाचे सिंचन ज्यांवर चाले, ते तलाव शासनाकडे गेले. साऱ्याचे उत्पन्न थांबल्याने मोठ्या वाड्यांची डागडुजी अनेकांना परवडेना. आयर्लंडमध्येही १९०३ च्या कायद्यानंतर जमिनी कुळांकडे गेल्या आणि जमीनदारांची अनेक घरे ओस पडली.

सद्यःस्थिती

पडक्या वाड्यांचे सागवान विकले जाते, विटा नव्या घरांना लागतात. शेवटी जोते तेवढे उरते. ‘माजी मालगुजारी तलाव’ मात्र आजही धानाला पाणी देतात. मालगुजाराच्या देखरेखीची जागा नियमित व्यवस्थेने न घेतल्याने त्यांपैकी अनेक गाळ, बेशरमची झुडपे व अतिक्रमण यांमुळे उथळ झाले आहेत. वाड्याच्या पडझडीची झळ एका कुटुंबाला बसते. तलाव बुजल्यास साऱ्या गावाचे धान धोक्यात येते.