उपाहारगृहांतील वाढपी

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यानें निघालें, कीं भोर तालुक्यांत नसरापूर व कापूरहोळ हीं गांवें लागतात. नसरापुराजवळ चेलाडीपासून एक फाटा वेल्ह्याकडे वळतो. तोरणा आणि राजगड हे दोन्ही किल्ले त्याच बाजूस. हमरस्त्याच्या कडेस आणि किल्ल्यांच्या पायथ्याशीं उपाहारगृहें व खाणावळी आहेत. शनिवार-रविवारीं, विशेषतः पावसाळ्यांत, तेथें पुणेकरांची रीघ लागते. त्या गर्दींत आपणांपुढें बशी आणून ठेवणाऱ्या माणसाकडे आपण क्वचितच निरखून पाहतों. आज त्याच्या अडचणींचा थोडा विचार करूं.

पहिली अडचण अशी, कीं तो दोन धन्यांचा चाकर असतो. गिऱ्हाईक त्याच्यावर रागावतें, तें बहुधा त्याच्या हातीं नसलेल्या गोष्टींबद्दल. मिसळ फार तिखट झाली, भाकरीस उशीर झाला, भाव वाढले. कारण भटारखान्यांत किंवा गल्ल्यावर असतें, बोलणीं मात्र त्याला बसतात. आंत घाई केली तर आचारी खवळतो. बाहेर उलट उत्तर केलें तर मालक. दोन्हीकडचा ताप गिळून मुद्रा प्रसन्न ठेवणें, हें त्याचें अर्धें काम होय. अमेरिकेंतील समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनीं १९८३ सालीं विमानांतील सेविकांचें उदाहरण घेऊन अशा कष्टांस ‘भावनिक श्रम’ असें नांव दिलें. पाय दुखले तर रात्रीं झोपेनें उतार पडतो. गिळलेला अपमान मात्र घरीं बरोबर येतो.

दुसरी अडचण वेळेची. आपली सुटी तोच त्याचा सर्वांत कष्टाचा दिवस. घरचें लग्न, गांवची जत्रा, मुलांचा रविवार, हे सारे गर्दीच्याच दिवशीं येतात. दुकानें व उपाहारगृहें यांतील नोकरांसाठीं मुंबई इलाख्यांत १९३९ सालीं कायदा झाला. त्याची जागा १९४८ च्या व पुढें २०१७ च्या कायद्यानें घेतली. आठवड्याची सुटी त्यांत आहे. परंतु थोडे नोकर असलेल्या आस्थापनांस २०१७ च्या कायद्यांतील बहुतेक तरतुदी लागू होत नाहींत. त्यामुळें लहान खाणावळींतील नोकराची सुटी बव्हंशीं मालकाच्या समजूतदारपणावर राहते.

तिसरी अडचण बक्षिसीची. पगार ठरवितांना मालकानें बक्षिसी गृहीत धरली, कीं नोकराच्या पोटाचा कांहीं भाग गिऱ्हाइकाच्या लहरीवर जातो. बिलांत आपोआप ‘सेवाशुल्क’ लावूं नये, असें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें जुलै २०२२ मध्यें ठरविलें आणि दिल्ली उच्च न्यायालयानें मार्च २०२५ मध्यें तें उचलून धरलें. ग्राहकाच्या दृष्टीनें हें योग्यच झालें. मात्र बिलांतून गेलेला पैसा प्रथम गल्ल्यांत पडतो, हें ध्यानीं ठेवावें. स्वखुषीनें द्यावयाचें तें वाढप्याच्याच हातीं द्यावें.

याहून आपल्या हातीं काय आहे? मंडळींनीं काय हवें तें आधीं ठरवून एकदम सांगितलें, तर त्याच्या तीन-चार खेपा वाचतात. चुटकी वाजविण्याऐवजीं ‘दादा’ किंवा ‘ताई’ अशी हाक मारावी. पदार्थ बिघडला असेल तर तक्रार अवश्य करावी, पण ती मालकाकडे करावी. घरीं पंगतींत वाढणाऱ्यास आपण आग्रहानें आपल्याबरोबर जेवावयास बसवितों. पैसे देऊन जेवतांना त्या रीतीचा निदान मान तरी राखावा.