कर्ज झाल्यावर सल्ला कोणाचा घ्यावा?

‘ऋण काढून सण करूं नये’ अशी आपल्याकडे म्हण आहे व ती खरीहि आहे. परंतु ज्याच्या डोक्यावर ऋण आधींच चढलें आहे त्यास तिचा फारसा उपयोग नाहीं. तापानें फणफणलेल्या मनुष्यास ‘पावसांत भिजूं नये’ असें सांगण्यासारखेंच तें आहे. कर्ज कसें टाळावें ह्यावर उपदेश पुष्कळ ऐकूं येतो. कर्ज झाल्यावर काय करावें, कोणाकडे जावें, बरोबर कोणते कागद न्यावे, ह्याविषयीं मात्र घरोघर मौन असतें. म्हणून ह्या लेखांत आम्ही कर्ज फेडण्याचा व त्यासाठीं योग्य सल्ला घेण्याचा विचार करणार आहों. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, कर्ज लपविल्यानें वाढतें. तें जितक्या लवकर कागदावर मांडून जाणत्या मनुष्यापुढें ठेवावें तितकें तें फेडणें सोपें जातें.

पवित्र शास्त्रांत ह्याचें एक बोधप्रद उदाहरण आहे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायांत एका विधवेची हकीकत आली आहे. तिचा पति देवभीरु होता. परंतु तो वारला व मागें कर्ज राहिलें. सावकार तिच्या दोन मुलांस दास करून नेण्यास आला. ती बाई अलीशा भविष्यवाद्याकडे गेली व तिनें आपलें संकट त्यास उघड सांगितलें. अलीशानें तिला दोष दिला नाहीं, तिच्या पतीनें कर्ज कां केलें हेंहि विचारलें नाहीं. घरांत काय शिल्लक आहे, एवढेंच त्यानें विचारलें. घरांत थोडें तेल होतें. शेजाऱ्यांकडून रिकामीं भांडीं मागून आणण्यास त्यानें सांगितलें. तीं सर्व तेलानें भरलीं. मग तें तेल विकून प्रथम कर्ज फेडावें व उरेल त्यावर तिनें व मुलांनीं निर्वाह करावा, असा क्रम त्यानें लावून दिला. चमत्कार हा देवाचा. परंतु सल्ल्याची ही रीत कोणत्याहि धर्माच्या वाचकानें घेण्यासारखी आहे. आधीं संकट बोलून दाखविणें, नंतर घरांत काय आहे तें मोजणें, शेजाऱ्यांचें साह्य घेणें, कर्ज फेडणें, आणि पोटाची सोय पाहणें, ह्या तिच्या पायऱ्या होत.

आपल्या प्रांताचा इतिहासहि ह्याच दिशेकडे बोट दाखवितो. सन १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला, व लवकरच ही चळवळ पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरली. त्या लोकांचा मुख्य रोख कर्जखतांवर होता; हातीं लागलेलीं खतें त्यांनीं जाळून टाकलीं. बहुतेकांस अक्षरओळख नव्हती. आपण अंगठा केला तेव्हां रक्कम कोणती घातली होती, व्याज किती धरलें, मागें दिलेले पैसे जमा झाले कीं नाहीं, हें त्यांस कळण्यास मार्ग नव्हता. पुढें सरकारनें चौकशी करून १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा केला. खतावर कांहींहि लिहिलें असलें तरी मुळापासून हिशेब तपासून पाहण्याचा अधिकार कोर्टास त्या कायद्यानें मिळाला. कर्जदारास दयेच्या आधीं हिशेब हवा असतो, हें तेव्हांच्या कायदेकर्त्यांसहि पटलें होतें. जर्मनींत रायफायझेन नांवाच्या एका ख्रिस्ती गृहस्थानें १८६४ सालीं खेड्यांतील लोकांची एक पतपेढी उभारली. एकमेकांस ओळखणाऱ्यांनीं एकमेकांस उपयुक्त कामासाठीं कर्ज द्यावें, हें तिचें तत्त्व. हिंदुस्थानांत १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा जो कायदा झाला त्याच्यामागें ह्याच तत्त्वाची प्रेरणा होती.

आतां हिशेबाकडे वळूं. समजा, कोणी १०,००० रुपये महिना शेंकडा तीन दरानें घेतले. ‘तीन’ हा आंकडा कानास लहान लागतो. परंतु वर्षाचा दर शेंकडा ३६ होतो. दरमहा व्याज ३०० रुपये. ऋणकोनें तीन वर्षें नुसतें व्याजच दिलें तर १०,८०० रुपये जातात आणि मुद्दल जागच्या जागीं उभें राहतें. त्यानें दरमहा ५०० रुपये दिले व उरलेल्या रकमेवरच व्याज धरलें, तर कर्ज ३१ महिन्यांत फिटतें व एकंदर १५,५०० रुपये लागतात. दरमहा ७०० दिले तर १९ महिन्यांत मोकळीक होते व एकंदर सुमारें १३,२५० रुपये लागतात. महिन्याचे दोनशें रुपये अधिक काढल्यानें एक वर्ष वांचलें आणि सव्वादोन हजार रुपये घरांत राहिले! वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हें उदाहरण स्वतः सोडवून पाहावें. गांवच्या सावकाराचें गणित तेंच शहरांतील क्रेडिट कार्डाचें. पुष्कळ कार्डांवर थकलेल्या रकमेचा दर महिना शेंकडा तीनच्या वरच असतो. दरमहा केवळ ‘किमान देय रक्कम’ भरणारा नोकरदार वर्षानुवर्षें फेडीत असतो व मुद्दल मात्र फारसें हालत नाहीं.

म्हणून सल्ल्यास जाण्यापूर्वीं एक वही करावी. तिच्या पहिल्या पानावर सहा रकाने आंखावे: देणें कोणाचें, मूळ रक्कम किती, आज बाकी किती, व्याजाचा दर काय, महिन्याचा हप्ता किती, आणि तारण किंवा जामीन कोण. घरांतील दागिने गहाण असतील तर तें लिहावें. मेहुण्याकडून उसने आणलेले पैसेहि वगळूं नयेत. दुसऱ्या पानावर घरांत येणारा पैसा व टाळतां न येणारा खर्च मांडावा: धान्य, भाडें, औषध, वीज, मुलांची फी. ही वही पति-पत्नींनीं मिळून लिहावी. कित्येक घरांत नवऱ्याचें कर्ज बायकोस ठाऊक नसतें, तर कित्येक घरांत बचतगटाचा थकलेला हप्ता बायको नवऱ्यापासून लपविते. आणि दोघेंहि एकाच ओझ्याखालीं निरनिराळीं वांकतात. बँकांचीं व वित्तसंस्थांचीं देणीं नीट आठवत नसल्यास पतमाहिती कंपन्यांकडून आपला पूर्ण अहवाल वर्षांतून एकदां विनामूल्य मागतां येतो. २०१७ सालापासून ही सोय रिझर्व्ह बँकेच्या आज्ञेनें झाली आहे.

वही तयार झाली म्हणजे पहिला सल्ला ज्याचें देणें आहे त्याच्याशींच करावा, आणि तोहि हप्ता चुकण्यापूर्वीं. नोकरी सुटली, पीक बुडालें, घरांत दुखणें आलें, तर बँकेंत जाऊन लेखी अर्ज द्यावा, मुदत वाढवून हप्ता लहान करण्याची विनंति करावी, आणि अर्जाची पोंच घ्यावी. तोंड चुकविणाऱ्या ऋणकोपेक्षां आपण होऊन समोर येणाऱ्यास सवलत मिळण्याचा संभव अधिक असतो. देणीं अनेक असल्यास ज्याच्या थकबाकीनें राहतें घर किंवा पोटाचें साधन जाईल तें आधीं सांभाळावें, व उरलेल्यांपैकीं ज्याचा दर सर्वांत जड तें प्रथम फेडावें. नवें कर्ज काढून जुनें फेडणें एकाच अटीवर योग्य: नव्याचा दर खरोखर कमी असावा, आणि जुनें खातें बंद झाल्याचा दाखला हातीं यावा.

दुसरें स्थान सल्लाकेंद्राचें. बँक ऑफ इंडियानें २००६ सालीं मुंबईंत असें एक केंद्र काढलें व त्यास ‘अभय’ हें समर्पक नांव दिलें. रिझर्व्ह बँकेनें २००९ सालीं अशा केंद्रांची योजना आंखून दिली, आणि २०१२ नंतर तीं आर्थिक साक्षरता केंद्रें ह्या नांवानें चालूं लागलीं. आपल्या जिल्ह्याच्या अग्रणी बँकेंत ह्या केंद्राची चौकशी करावी. तेथें सल्ल्याबद्दल मोबदला घेत नाहींत. बँकेविरुद्धच गाऱ्हाणें असेल तर प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा तें समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाखर्च दाद मागतां येते. कोर्टाची नोटीस आल्यास ती पेटींत दडवूं नये. १९८७ च्या कायद्यानें स्थापन झालेल्या विधि सेवा समित्या तालुक्याच्या कोर्टांतहि असतात. स्त्रियांस, अनुसूचित जातिजमातींच्या लोकांस व अल्प उत्पन्नाच्या मनुष्यांस तेथें फुकट वकील मिळतो. लोकअदालतींत तडजोड झाल्यास कोर्टफीहि पडत नाहीं. गांवांतील कोणी परवान्यावांचून सावकारी करून छळत असेल तर महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्याप्रमाणें तो गुन्हा आहे, व त्याची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे करतां येते.

इतक्या दूर जाण्यास मन धजत नसेल त्यानें निदान एका विश्वासू मनुष्याशीं बोलावें. तो शिक्षक असो, पाळक असो, वा शेजारचा निवृत्त कारकून असो; त्याच्या ठायीं तीन गुण पाहावे. त्यास हिशेब कळावा, त्याच्या पोटांत गोष्ट राहावी, आणि आपल्या कर्जांत त्याचा स्वतःचा लाभ नसावा. उलट, ‘एवढी रक्कम आगाऊ द्या, तुमचें कर्ज माफ करवून देतों’ म्हणणाऱ्यास दारांतूनच निरोप द्यावा. एकरकमी तडजोड करणें झाल्यास ती प्रत्यक्ष बँकेशीं लेखी करावी, आणि तिची नोंद पतअहवालांत राहून पुढें कर्ज मिळणें अवघड होतें हेंहि ध्यानांत ठेवावें.

कर्जदाराचें निम्मे दुःख भीतीचें असतें, व त्या भीतीचा कांहीं भाग अज्ञानाचा असतो. पैसे नसल्यामुळें कर्ज न फेडतां येणें हा स्वतः गुन्हा नव्हे. मात्र दिलेला चेक न वटणें हा कायद्यानें गुन्हा ठरूं शकतो, सबब कोरा चेक किंवा कोऱ्या कागदावर सही कोणासहि देऊं नये. वसुलीच्या लोकांनीं सकाळीं ८ च्या पूर्वीं व सायंकाळीं ७ च्या नंतर फोन करूं नये, धमक्या देऊं नयेत, नातलगांत अप्रतिष्ठा करूं नये, असें रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं बँकांस व वित्तसंस्थांस बजावलें आहे. जामीन राहणाऱ्यानें मात्र समजून राहावें: १८७२ च्या कराराच्या कायद्याप्रमाणें जामिनाची जबाबदारी मुख्य ऋणकोच्या बरोबरीची असते. ‘नुसती सही करा’ ह्या शब्दांवर पुष्कळांचीं घरें बसलीं आहेत.

विद्यार्थिमित्रहो, ह्या विषयाशीं तुमचाहि संबंध आहे. घरांत दबक्या आवाजांत बोलणीं चालतात, फी देण्यास उशीर होतो, आईच्या हातांतील बांगड्या दिसेनाशा होतात. हें सर्व तुमच्या दृष्टीस पडतें व तुम्ही मनांत नाहीं नाहीं तें आणतां. हें कर्ज आपल्यामुळें झालें असें मानून शाळा सोडण्याचा विचार कोणी करूं नये. आधीं शिक्षकांस सांगावें. अलीशाच्या काळीं बापाच्या कर्जापायीं मुलें दास होत. आजच्या कायद्याप्रमाणें बापाच्या पश्चात् मुलांवर येणारा बोजा वारशानें मिळालेल्या मालमत्तेपुरताच असतो. अठरा वर्षांखालील मुलाचा करार कायदा मानीत नाहीं, म्हणून मोबाईलवरून झटपट कर्ज देऊं करणाऱ्यांच्या नादीं लागूं नका. आणि वडिलांची इच्छा असेल तर त्यांच्या कर्जाचे कागद त्यांस वाचून दाखवा. १ ऑक्टोबर १९२४ नव्हे, तर २०२४ पासून, म्हणजे अगदीं अलीकडे, घरगुती कर्ज देतांना एकंदर वार्षिक दर व सर्व आकार दाखविणारें एक पत्रक ऋणकोस समजणाऱ्या भाषेंत देणें बँकांवर बंधनकारक झालें आहे. सुप्याच्या शेतकऱ्यांस जो कागद वाचतां आला नाहीं तो तुम्हांस वाचतां येतो. विद्येचा ह्याहून घरगुती उपयोग कोणता?

पालकहो, तुमच्यापाशीं एकच मागणें आहे. वही आज लिहावयास घ्या. कर्ज एका दिवसांत झालें नाहीं, तें एका दिवसांत फिटणारहि नाहीं. परंतु ज्या दिवशीं त्याची बेरीज कागदावर मांडली जाईल व ती दुसऱ्या एका भल्या मनुष्यास दाखविली जाईल, त्या रात्रीं झोंप बरी लागेल. सर्व ऋणांतून मुक्त करणारा प्रभु अशा प्रत्येक घरास धैर्य व सद्बुद्धि देवो.