पागोळ्यांच्या आतली जागा

घर आणि भोवताल : लेखांक सातवा

गेल्या लेखांकानंतर पुण्याहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं. त्यांच्या नव्या घराचं जोतं भरून झालंय, भिंती उभ्या राहायच्या आहेत. पश्चिमेला टेकडी आहे, पावसाळ्यात ती हिरवीगार होते, पहाटे मोर ओरडतात. त्यांनी विचारलंय की टेकडीकडची अख्खी भिंत काचेची केली तर कसं, म्हणजे बसल्या बसल्या टेकडी घरात येईल. आज खरं तर छपरावरच्या पाण्याबद्दल लिहायचं ठरवलं होतं. पण भिंती उभ्या राहण्याआधी विचारलेल्या प्रश्नाला थांबवून ठेवणं बरं नाही, म्हणून पाणी पुढच्या आठवड्यावर ढकलतो.

माझं उत्तर आहे, नको. आणि हे उत्तर टेकडीच्या बाजूने दिलेलं आहे.

आमच्या आजोळच्या घराला, राजापूर तालुक्यात, समोर पडवी होती. सात-साडेसात फूट रुंद, शेणाने सारवलेली, अंगणापेक्षा दोन पायऱ्या उंच. वळचण इतकी खाली उतरलेली की उंच माणूस वाकूनच आत येई. मिरग लागला की कौलांवरून पागोळ्या सुटत आणि अंगणाच्या कडेला खळग्यांची एक सरळ रांग पडे. पागोळ्यांच्या आतल्या बाजूला आजी तांदूळ निवडत बसायची. पाऊस तिच्यापासून हातभर लांब. अंगावर थेंब नाही, पण पावसाचा गारवा, मातीचा वास, बेडकांचा आवाज, सगळं तिच्याजवळ. वाऱ्याबरोबर झड आत आली की ती सूप उचलायची आणि पाटासकट थोडी मागे सरकायची. झड ओसरली की पुन्हा पुढे. खिडकी लावायला तिला कधी उठावं लागलं नाही, कारण तिथे खिडकीच नव्हती.

ते मागे-पुढे सरकणं मला फार मोलाचं वाटतं. ऊन, वारा, पाऊस यांच्याशी जवळीक हवी असेल तर माणसाला त्यांच्यापासून थोडं लांबही होता आलं पाहिजे, आणि त्यासाठी खोली असलेली जागा लागते. काचेला जाडी असते, खोली नसते. तिच्या एका बाजूला आपण पूर्ण आत असतो, दुसऱ्या बाजूला पूर्ण बाहेर.

आता पुण्याच्या पश्चिम भिंतीचं गणित पाहू. मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता सूर्य क्षितिजापासून साधारण 28 अंशांवर असतो, आणि जवळजवळ भिंतीच्या समोर. अशा वेळी तीन फुटांच्या छज्ज्याची सावली भिंतीवर जेमतेम दीड फूट उतरते. दहा फुटांच्या काचेतले साडेआठ फूट उघड्यावर. काचेतून सूर्यप्रकाश सहज आत येतो, फरशी-सोफा-भिंती तापतात, पण तापलेल्या वस्तू जी उष्णता परत फेकतात ती काच बाहेर जाऊ देत नाही. म्हणून तीन वाजल्यापासून जाड पडदा ओढायचा आणि एसी लावायचा. ज्या वेळी कामं आटोपून टेकडीकडे बघत बसावं, नेमकी त्या वेळी टेकडी पडद्याआड.

काचेच्या घराचा हा अनुभव जगाने एकदा मोठ्या नावानिशी घेतलेला आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात, फॉक्स नदीच्या काठी, मीस व्हॅन डर रोह या थोर वास्तुकाराने शिकागोच्या डॉक्टर एडिथ फार्न्सवर्थ यांच्यासाठी घर बांधलं. ते 1951 साली पुरं झालं. जमिनीपासून पाच फुटांवर तरंगणारी पांढरी पोलादी चौकट आणि चारही बाजूंना काच. फोटोत ते घर आजही श्वास रोखून धरायला लावतं. पण वारा यायला दाराखेरीज उघडणाऱ्या खिडक्या दोनच, त्याही लहान, एका टोकाला. उन्हाळ्यात आत उकाडा, थंडीत काचांवर पाण्याचा थर, रात्री दिवा लावला की किड्यांचे थवे. 1954 मध्ये नदीला पूर आला आणि पाणी घरात शिरलं. झाडं चारही बाजूंनी दिसत होती, पण राहणाऱ्या बाईंना बसायला सोयीची जागा त्या काचेने दिली नाही.

दिसण्याला काही किंमत नाही असं मी म्हणत नाही. रॉजर उलरिच या संशोधकाने 1984 साली 'सायन्स' नियतकालिकात एक छोटा अभ्यास छापला. पेन्सिल्व्हेनियातल्या एका इस्पितळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले 46 रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना वेदनेवरची कडक औषधं कमी लागली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला खिडकीच सर्व काही. पण हिंडत्या-फिरत्या माणसाला आपण तेवढ्यावरच का भागवायला लावावं?

झाडं-पाणी नुसतं न दाखवता माणसाच्या जवळ आणणं जिथे फार मोठ्या प्रमाणावर आणि फार हळुवार हाताने साधलं गेलं, ती इमारत श्रीलंकेत आहे. दांबुल्लाजवळचं कंदलामा हॉटेल. वास्तुकार जेफ्री बावा. मूळचे वकील, वयाच्या 38 व्या वर्षी, 1957 मध्ये वास्तुकलेची पदवी घेतलेले. 1990 नंतर एका हॉटेल कंपनीने त्यांना बोलावलं, तेव्हा कंपनीच्या मनात जागा होती ती सिगिरियाच्या प्रचंड खडकाजवळची. बावांनी ती नाकारली. पाचव्या शतकातल्या राजाने ज्या खडकावर महाल बांधला, त्याच्या पायाशी हॉटेल उभं केलं की खडकच लहान होतो. ते कंपनीच्या लोकांना घेऊन गेले कित्येक किलोमीटर दूर, कंदलामाच्या जुन्या सिंचन तलावाकाठच्या एका उभ्या कड्यापाशी. तिथून सिगिरिया पाण्यापलीकडे क्षितिजावर दिसतो, बोटाच्या पेराएवढा. जे दाखवायचं ते दुरून दाखवायचं, हा निर्णय नकाशावरची पहिली रेघ ओढण्याआधीचा आहे, आणि मला तो सगळ्या रचनेचा पाया वाटतो.

तिथे कडाडून विरोध झाला. तलावाचं पाणी बिघडेल, दांबुल्लाच्या गुंफामंदिराच्या परिसराचं पावित्र्य जाईल, म्हणून पर्यावरणाचे कार्यकर्ते आणि बौद्ध भिक्षू रस्त्यावर उतरले. विरोध चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. ती भीती खरी होती, आणि अशा ठिकाणी बांधणाऱ्यावर तो वचक असायलाच हवा. 1994 मध्ये हॉटेल उभं राहिलं ते असं.

कड्याला कापून सपाटी केलेली नाही. इमारत कड्याच्या वळणावळणाने, जवळजवळ एक किलोमीटर लांब पसरत गेली आहे, आणि खांबांवर उचललेली आहे. डोंगरावरून येणारं पावसाचं पाणी तिच्या खालून वाहत तलावाकडे जातं. गाडीतून उतरलात की समोर भव्य दालन नाही. आधी गुहेच्या तोंडासारखं छत, मग खडकाच्या कडेने वळत जाणारी अरुंद, अंधारी वाट. उघडा कातळ हाताशी लागतो, कारण तो हलवलेलाच नाही, फरशी त्याला वळसा घालून गेली आहे. आणि वळण संपतं तिथे एकदम उजेड, पाणी, आणि दूर तो खडक. आधी डोळे अंधाराला सरावल्यामुळे तो उजेड दुप्पट वाटतो. आपल्या जुन्या देवळांत सभामंडपातून गाभाऱ्याकडे जाताना उजेड टप्प्याटप्प्याने कमी होतो. इथे तीच युक्ती उलट्या दिशेने वापरली आहे.

पण माझं मन त्या दृश्याहून जास्त गुंततं खोल्यांकडे जाणाऱ्या वाटांमध्ये. एरवी हॉटेलातला बोळ म्हणजे गालिचा, दिवे आणि बंद हवा. इथे त्या वाटा कड्याच्या बाजूला उघड्या आहेत. एका अंगाला खोल्यांची दारं, दुसऱ्या अंगाला ओला कातळ, मुळं, नेचे. खोलीतून जेवायला जायचं तर उघड्या हवेतून जायचं. पाऊस असला तर त्याच्या शेजारून. दर्शनी बाजूला इमारतीपुढे लाकडी जाळीचा दुसरा पदर आहे, त्यावर वेली सोडलेल्या, छपरांवर माती टाकून झाडोरा वाढवलेला. आता वेली इतक्या माजल्या आहेत की तलावापलीकडून इमारत ओळखायला वेळ लागतो. माकडं या जाळीवरून ये-जा करतात, म्हणून खोलीत येताना दार लावून घ्या अशी पाहुण्यांना सूचना असते. तीस वर्षांपूर्वी खांब काळपट रंगवले तेही याच हिशोबाने, झाडीच्या सावलीत ते विरून जावेत.

ही सगळी पडवीच आहे, किलोमीटरभर लांब ताणलेली.

आता कोणी म्हणेल, तिथे डोंगर होता, तलाव होता, पैसा होता, शहरात काय करायचं? तर मुंबईत कंबाला हिलवर उभी असलेली कांचनजंगा ही इमारत पाहा. पैसा तिथेही होता, पण जमीन मोजकी. मूळचे गोव्याचे चार्ल्स कोरिया यांनी 1970 मध्ये तिचं काम हाती घेतलं, 1983 मध्ये ती पुरी झाली. 21 मीटर रुंद, 21 मीटर लांब, 84 मीटर उंच, आत 32 घरं. मुंबईत वारा समुद्रावरून, पश्चिमेचा. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला बंदर, म्हणजे दृश्यंही त्याच दोन दिशांना. आणि दुपारचं ऊन व पावसाचा मारा, तेही त्याच पश्चिमेकडून. जे हवं ते आणि जे नको ते एकाच दारातून येतं.

कोरियांनी उत्तर जुन्या बंगल्यांत शोधलं. त्या बंगल्यांना भोवती व्हरांडे असत आणि राहत्या खोल्या त्यांच्या आत दडलेल्या. हा पट्टा त्यांनी वर उचलला. प्रत्येक घराला कोपऱ्यात दोन मजले उंच अशी उघडी बागेची गच्ची दिली, आणि खोल्या तिच्यामागे सरकवल्या. रस्त्यावरून पाहिलं तर बुरुजाचे कोपरे कुणी चाकूने कापून काढल्यासारखे दिसतात. ते कापलेले कोपरे म्हणजे पडव्या. ऊन त्यांत येतं आणि तिथेच थांबतं. झड त्यांत येते आणि तिथेच ओसरते. कोपऱ्यात खांब नाही, कारण भार मधल्या गाभ्याकडे नेला आहे. नाहीतर आकाश आणि माणूस यांच्यामध्ये नेमका खांब आला असता.

पणजीला गेलात तर कोरियांचीच कला अकादमीची इमारत पाहा. रस्त्यापासून उघड्या, जाळीदार छताखालून चालत तुम्ही सरळ मांडवीच्या काठाला निघता, आणि इमारतीत नेमके कधी शिरलो ते सांगता येत नाही.

मग आपल्या इमारतींत पडवी का टिकली नाही? एक कारण हिशोबाचं आहे. मुंबईत पूर्वी बाल्कनी, फुलझाडांचे कप्पे वगैरे एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडावर मोजल्या जाणाऱ्या बांधकामात, धरत नसत. लोकांनी ते सर्रास खोल्यांत घेतले. जानेवारी 2012 मध्ये नियम बदलले, हे सगळं एफएसआयमध्ये मोजलं जाऊ लागलं आणि मोबदल्यात प्रीमियम भरून निवासी इमारतींना 35 टक्क्यांपर्यंत जादा 'फंजिबल' क्षेत्र मिळू लागलं. चोरवाट बंद झाली हे बरंच झालं. पण आता उघड्या जागेचा प्रत्येक चौरस फूट बंद खोलीच्या भावाने पडतो, आणि त्या भावाने पडवी कोण विकत घेणार? ज्या शहरात चार महिने पाऊस पडतो, तिथल्या नियमांत उघड्या, छताखालच्या, कधीही बंद न करता येणाऱ्या जागेसाठी वेगळी सवलत असायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं कारण मापाचं. क्रिस्टोफर अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी 1977 च्या 'अ पॅटर्न लँग्वेज' या ग्रंथात बाल्कनीबद्दल एक साधं निरीक्षण नोंदवलं आहे : सहा फुटांपेक्षा कमी खोलीच्या बाल्कन्या कोणी फारशा वापरत नाही. कारण दोन माणसं, त्यांचे पाय आणि मध्ये छोटं टेबल एवढ्याला तितकी जागा लागतेच. तीन फुटांच्या बाल्कनीत माणूस उभा राहतो, बसत नाही. मग तिथे कपडे वाळत पडतात, आणि एक दिवस स्लायडिंग लागतं. आमच्या फ्लॅटलाही मी तसंच स्लायडिंग लावून घेतलं होतं. पहिल्या पावसात आतून पाहिलं तर सर कोसळत होती आणि आवाज नव्हता. दुसऱ्या वर्षी ते काढून टाकलं.

तर ताई, तुमच्या घराबद्दल. पश्चिमेची भिंत जोत्याच्या कडेवरून आठ फूट मागे घ्या. छप्पर मात्र कडेच्याही थोडं पुढे आणा, आणि वळचण सात फुटांपर्यंत खाली उतरू द्या. मे महिन्यात पाच वाजताचं ऊन मग पडवीच्या जमिनीवर आणि भिंतीच्या खालच्या भागावर राहील. त्यापुढचं तिरपं ऊन अडवायला बांबूची चिक सोडता येईल, आणि चिकेतून टेकडी दिसतही राहते. मागच्या भिंतीला घडीची दारं लावा, हवी तेव्हा पूर्ण उघडणारी. कठड्याऐवजी बसायला दीड फूट उंचीचा कट्टा करा. आणि करंजाचं एक झाड लावा. मार्च-एप्रिलमध्ये ते थोडेच दिवस पानं टाकतं आणि ऐन उन्हाळ्यात दाट सावली देतं. पण समोर नको. मे महिन्यात मावळतीचा सूर्य ठीक पश्चिमेला नसतो, उत्तरेकडे झुकलेला असतो. झाड वायव्येला लावलंत तर ऊन अडेल आणि टेकडी मोकळी राहील.

गवंड्याला बोलावण्याआधी एक करा. जोत्यावर आठ फुटांवर चुन्याची रेघ मारा, कडेला सात फुटांवर आडवा बांबू बांधून रेघेपर्यंत ताडपत्री ताणा, खाली दोन खुर्च्या ठेवा आणि एक संध्याकाळ पाच ते सात घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊन तिथे बसा. दर अर्ध्या तासाने ऊन कुठवर आलं तिथे खडूने खूण करा. रेघेच्या आत किती खुणा पडल्या ते मला कळवा, आठ फुटांचे नऊ करायचे का ते त्यावरून ठरवू.