टॅपेटचा आवाज थांबला म्हणून खूश होऊ नका

देवनार-गोवंडीकडे सीएनजीवर धावणाऱ्या गाड्या भरपूर, म्हणून मुद्दाम लिहितोय. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ७०० अंश सेल्सिअसच्या घरात तापतो. बंद असताना तो सीटला घट्ट टेकला, तरच बरीचशी उष्णता हेडमध्ये उतरते. सीएनजी पडला कोरडा वायू. सीट हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटचं अंतर संपतं. मग व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही. फटीतून जळता वायू सुटतो आणि कड गॅसकटरने कापल्यासारखी खाऊन टाकतो. सैल टॅपेट निदान टकटक करतो. आवळलेला गप्प राहतो, म्हणून तोच जास्त घातक! आयडलिंगला इंजिन थरथरतंय, एकाच सिलिंडरचं कॉम्प्रेशन पडलंय? आधी हेच बघा. हायड्रॉलिक टॅपेट नसतील, तर फीलर गेज लावून मॅन्युअलमधल्या मापाने अंतर तपासून घ्याच.