काजूच्या हंगामातली बारीक गोचीड

गुरांच्या कानामागे चिकटलेली, रक्त पिऊन टम्म फुगलेली गोचीड सगळ्यांच्या ओळखीची असते. माणसाला धोका असतो तो तिच्या जंगलातल्या नात्यातल्या, तिळाएवढ्या पिलापासून. ‘हेमाफायसालिस’ गटातल्या गोचिडीचे हे पिलू पालापाचोळ्यात दबा धरून बसते. आठ पाय, चपटे तपकिरी अंग आणि पंख नाहीत, ही तिची खूण. कीटकाला पाय सहाच असतात.

या गोचिडीतून माकडतापाचा विषाणू पसरतो. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात तो प्रथम सापडला. पुढे गोव्यात सत्तरीत आणि २०१६ साली सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. डिसेंबर ते मे हा पिलांचा सुकाळ आणि नेमका तोच काजू वेचण्याचा, लाकूडफाटा गोळा करण्याचा काळ. जंगलात माकड मेलेले दिसले, तर तिथे जाऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा.

रानात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, आरोग्य खात्याने दिलेले तेल हातापायांना लावा. परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून काखा, जांघा, कानामागे तपासा. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तिला चटका देऊ नका, रॉकेल लावू नका.

त्यानंतर आठवडाभरात अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली, तर घरी थांबू नका. डॉक्टरांना आधी सांगा: ‘मी रानात गेलो होतो.’